बायबलच्या गोष्टींतून लहान मुलांना धैर्य आणि विश्वास शिकवताना: तयारी, क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

गल्याथ नावाच्या महाकाय योद्ध्याला गोफणीने हरवणाऱ्या मेंढपाळ दावीदाची गोष्ट सांगून झाली की बहुतेक मोठी माणसं एक वाक्य जोडतात: "बघ, दावीद घाबरला नाही. तूही घाबरायचं नाही." मूल मान डोलावतं. रात्री दिवा मालवला की त्याला भीती वाटतेच, आणि आता सोबत अपराधीपणाही असतो. आपण दावीदासारखे नाही, म्हणजे देवाला आपण आवडत नसणार, असा हिशेब चार-पाच वर्षांचं मूल मनातल्या मनात मांडतं आणि कोणाला सांगत नाही.

चूक गोष्टीत नाही, सांगण्याच्या क्रमात आहे. धैर्याच्या गोष्टीत तीन जागा शोधाव्या लागतात: भीती कुठे आहे, भरवसा कोणावर आहे, आणि उचललेलं पाऊल कोणतं. आपण पहिल्या दोन ओलांडून थेट तिसऱ्यावर उडी मारतो. पुढचे टप्पे साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहेत. घरी एका मुलाबरोबर किंवा संडे स्कूलच्या (चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या) छोट्या गटात, दोन्हीकडे ते चालतात.

## टप्पा १: गोष्ट आधी स्वतः शास्त्रातून वाचा

चित्रांच्या पुस्तकावर किंवा लहानपणच्या आठवणीवर विसंबू नका. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, मूळ अध्याय दोनदा वाचा. पहिल्यांदा सलग, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. भीतीच्या जागी 'भी', भरवशाच्या जागी 'भ' आणि पावलाच्या जागी 'पा' अशी खूण करा.

१ शमुवेल १७ (शमुवेलाचं पहिलं पुस्तक, अध्याय १७) मध्ये ही खूण कुठे पडते ते पाहा. भीती शौल राजाची आणि सगळ्या सैन्याची आहे. गल्याथ ४० दिवस सकाळ-संध्याकाळ पुढे येतो आणि माणसं मागे पळतात. दावीद घाबरला होता की नाही, हे शास्त्र सांगत नाही. म्हणून "तो मुळीच घाबरला नाही" असंही म्हणू नका आणि "तोही घाबरला होता" असंही घालू नका. भरवशाची जागा ३४ ते ३७ या ओव्यांत आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. मेंढरं राखताना सिंहापासून आणि अस्वलापासून देवाने आपल्याला सोडवलं, तोच यातूनही सोडवील, असं दावीद म्हणतो. त्याचा विश्वास त्या सकाळी आभाळातून पडलेला नाही. एकांतात, मेंढरांमागे, तो आधीच तयार झाला होता.

गिदोनाची गोष्ट (शास्ते ६ आणि ७) याहून मोकळी आहे. तो शत्रूपासून लपवून द्राक्षकुंडात गहू झोडतो. देवाने सांगितलेलं काम तो रात्री करतो, कारण दिवसा करायची भीती वाटते, असं शास्त्र स्पष्ट म्हणतं. घाबरट मुलाला ही गोष्ट दावीदाच्या गोष्टीपेक्षा लवकर जवळची वाटते. एस्तेर राणीचंही तसंच. आपल्या लोकांना वाचवायला तिला राजाकडे जायचं आहे, पण तिला ३० दिवस राजाचं बोलावणं आलेलं नाही, आणि न बोलावता आत जाणाऱ्याला मरणाची शिक्षा आहे. ती आधी कचरते, मग सगळ्यांना आपल्यासाठी तीन दिवस उपास करायला सांगते आणि त्यानंतर जाते. सोबत मागणं हाही धैर्याचाच भाग आहे, हे मुलांना दाखवायला एस्तेर ४ पेक्षा चांगला अध्याय नाही.

तपासा: तिन्ही खुणा सापडल्या का? एखादी नसेल तर ती कल्पनेने भरू नका, दुसरी गोष्ट घ्या.

## टप्पा २: वयाप्रमाणे निवड, आणि काय गाळायचं

३ ते ४ वर्षं. वादळ शांत होतं ती गोष्ट (मार्क ४:३५–४१). बाळ मोशेच्या लव्हाळ्यातल्या पेटीवर लांबून नजर ठेवणारी बहीण (निर्गम २). दुसऱ्या गोष्टीत फारोच्या (मिसरच्या राजाच्या) हुकमाचा तपशील नको. 'बाळाला जपायचं होतं' एवढं पुरे.

५ ते ६ वर्षं. दावीद. रात्री हाक ऐकणारा शमुवेल (१ शमुवेल ३). सेनापती नामानाच्या घरची लहान दासी (२ राजे ५), जिचं नावही शास्त्रात नाही. परक्या देशात धरून नेलेली ही मुलगी एकच वाक्य बोलते आणि त्यावर पुढची सगळी गोष्ट उभी राहते. मोठ्यांसमोर बोलायला लाजणाऱ्या मुलासाठी ही जरूर घ्या.

७ ते ८ वर्षं. सिंहांच्या गुहेतला दानीएल (दानीएल ६), अग्नीची भट्टी (दानीएल ३), गिदोन, एस्तेर, पाण्यावर चालणारा पेत्र (मत्तय १४).

गल्याथाचं डोकं कापण्याची ओवी (१७:५१) सात वर्षांखालच्या मुलांना नको. दानीएल ६:२४ मध्ये चुगली करणाऱ्यांच्या बायकामुलांनाही सिंहांपुढे टाकतात. ती ओवी आठ वर्षांपर्यंत सरळ बाजूला ठेवा. अब्राहाम आपला मुलगा इसहाक याचा बळी द्यायला निघतो तो प्रसंग धैर्याचा धडा म्हणून या वयात कधीच घेऊ नका. मूल स्वतःला अब्राहामाच्या जागी पाहत नाही, इसहाकाच्या जागी पाहतं.

इशारा: गाळलं तर चालतं, बदललेलं चालत नाही. "गल्याथ पळून गेला" असं सांगितलेलं मूल दोन वर्षांनी खरं वाचतं, आणि मग बाकीच्या गोष्टींवरही त्याचा संशय बसतो. विचारलंच तर "पुढे लढाई झाली, ते तू मोठं झाल्यावर आपण वाचू" हे उत्तर खरं आहे आणि पुरेसंही आहे.

चित्रं निवडतानाही अध्याय आठवा. दानीएल बहुतेक चित्रांत तरुण दिसतो. पण बाबेलात नेल्यापासून गुहेच्या प्रसंगापर्यंत साठहून जास्त वर्षं गेली होती, म्हणजे तो ऐंशीच्या आसपासचा म्हातारा होता. हे मुलांना सांगा. आजी-आजोबाही धैर्यवान असतात, हे त्यांना फार आवडतं.

## टप्पा ३: सामान, वेळ आणि जागा

एका गोष्टीला एकच वस्तू पुरते. जास्त ठेवल्या तर मूल वस्तूंशी खेळतं आणि गोष्ट राहून जाते.

वादळासाठी निळी चादर आणि एक उशी घ्या, कारण येशू नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता. भट्टीसाठी नारिंगी कापड चालतं, खरी मेणबत्ती नको. दावीदासाठी मोठ्या माणसाचा जाड कोट आणि दोरी. गल्याथाची उंची सहा हात एक वीत दिली आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर. त्या मापाने ती साडेनऊ फुटांच्या आसपास भरते. एवढी दोरी कापा आणि जमिनीवर सरळ अंथरा. मूल तिच्या शेजारी आडवं झोपलं की त्याचे पाय कुठे संपतात आणि दोरी कुठवर जाते, हे त्याला एका क्षणात दिसतं. "खूप खूप मोठा" असं दहा वेळा सांगून हे साधत नाही. दोरी वापरून झाली की लगेच गुंडाळून ठेवा. गळ्यात घालून खेळू देऊ नका.

गोटे दाखवायचे असतील तर पाच, आणि प्रत्येक गोटा मुलाच्या मुठीएवढा मोठा, म्हणजे तोंडात जाणार नाही. गोफण बनवू नका. हवेत हात फिरवून दाखवणं पुरेसं आहे.

गोष्टीला ३–४ वर्षांच्या मुलासाठी पाच मिनिटं, ५–६ साठी आठ, ७–८ साठी बारा मिनिटांपर्यंत वेळ द्या. बोलणं आणि प्रार्थना धरून सगळं वीस मिनिटांत आटपा. भट्टी आणि सिंह झोपण्याआधी नकोत. झोपताना वादळाची गोष्ट घ्या, ती शांततेवर संपते.

## टप्पा ४: गोष्ट सांगणं

पुस्तक बंद करून, मुलाच्या नजरेच्या उंचीला बसून सांगा. बायबल मात्र जवळ उघडं असू द्या आणि सुरुवातीला बोट ठेवून दाखवा: "ही गोष्ट इथे लिहिली आहे." परीकथेत आणि यात फरक आहे, हे मुलाला एवढ्याने कळतं.

पहिलं, भीतीपाशी थांबा. वादळाच्या गोष्टीत चादर दोन्ही टोकांना धरून आधी हळू हलवा, मग जोरात. "नावेत पाणी यायला लागलं. शिष्य घाबरले. मोठी माणसं होती, रोज समुद्रावर जाणारी, तरी घाबरली." इथे दोन श्वास गप्प राहा. ही शांतता अवघडल्यासारखी वाटते म्हणून सांगणारे पुढे पळतात. पण मूल स्वतःची भीती गोष्टीत आणून ठेवतं ते याच जागी.

दुसरं, भरवसा कोणावर ते दाखवा. शिष्य काय करतात? येशूला जाऊन उठवतात. आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का, असंही विचारतात. हे वाक्य गाळू नका. चिडून, घाबरून हाक मारली तरी तो उठतो, हे मुलाला हवंच असतं. मार्कमध्ये येशू आधी वारा शांत करतो आणि मग विचारतो, "तुम्ही का घाबरलात?" मत्तय ८ मध्ये हा क्रम उलटा आहे. लहानग्यांना मार्कचा क्रम सांगा. आधी आधार मिळतो, प्रश्न नंतर येतो.

तिसरं, पाऊल लहान करून सांगा. दावीदाच्या गोष्टीत शौलाच्या चिलखताचा प्रसंग (३८–३९) बहुतेक जण एका वाक्यात उरकतात. तो सावकाश घ्या. मुलाला मोठ्या माणसाचा कोट घाला, बाह्या खाली लोंबू द्या, बटणं लावा आणि म्हणा, "आता चार पावलं चालून दाखव." कोट पायात येतो, हात दिसेनासे होतात, मूल हसतं. मग विचारा, "हे घालून तुला पळता येईल?" कोट हळूच काढा आणि सांगा: "दावीद म्हणाला, मला याची सवय नाही. त्याने ते काढून ठेवलं. हातात काठी घेतली, ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे उचलले आणि देवाच्या नावाने पुढे गेला." दुसऱ्यासारखं होण्याची गरज नाही, हे मुलाच्या अंगाला कळलेलं असतं. वर समजावून सांगाल तर ते पातळ होईल.

इशारा: राक्षसी आवाज, अचानक ओरडणं, अंधार करून सिंहाची डरकाळी काढणं टाळा. मुलाला फक्त तो आवाज आठवत राहतो. मुलाने कान झाकले किंवा ते मांडीत शिरलं तर गोष्ट तिथेच थांबवा आणि "पुढे दानीएल वाचला" किंवा "नाव बुडाली नाही" असा खरा शेवट आधी सांगून टाका. शेवट माहीत असला की उरलेली गोष्ट मूल धीराने ऐकतं.

## टप्पा ५: प्रश्न तीन, उपदेश शून्य

गोष्ट संपल्यावर "मग आपण यातून काय शिकलो?" हे विचारू नका. मुलं आपल्याला हवं ते उत्तर देतात आणि विषय संपतो. हे विचारा:

१. गोष्टीत तुला कुठली जागा भीतीची वाटली?
२. तेव्हा त्यांनी कोणाला हाक मारली? (किंवा: त्यांना काय आठवलं?)
३. तू त्या नावेत असतास तर कुठे बसला असतास? मुलीला विचारताना: कुठे बसली असतीस?

तिसऱ्या प्रश्नावर "येशूच्या उशीजवळ", "मी आलोच नसतो", "आईच्या मांडीवर" अशी उत्तरं येतात. सगळी बरोबर धरा. दुरुस्ती करू नका, तोंड वाकडं करू नका. "मी आलोच नसतो" म्हणणाऱ्या मुलाने तुम्हाला खरं सांगितलं आहे. "हो, भीती वाटण्यासारखंच होतं" एवढं म्हणा.

इथे होणाऱ्या दोन चुका पुढचं सगळं बिघडवतात. एक तुलना: "दादा बघ कसा घाबरत नाही." दुसरी धमकी: "ऐकलं नाहीस तर देव रागावेल." या वाक्यानंतर मूल ज्याच्याकडे धावायचं त्यालाच घाबरू लागतं.

## टप्पा ६: वचन आणि प्रार्थना

वचन छोटं घ्या. ५–६ वर्षांच्या मुलाला "तू भिऊ नको, कारण मी तुझ्याबरोबर आहे" (यशया ४१:१०) एवढं पेलतं. ३–४ वर्षांच्या मुलाला फक्त "मी तुझ्याबरोबर आहे". थोड्या मोठ्या मुलांना स्तोत्र ५६ मधली तिसरी ओवी तुमच्या प्रतीतल्या शब्दांत पाठ करून द्या, कारण तिची सुरुवातच भीती वाटते त्या वेळेपासून होते. पाठांतर झालं म्हणून खाऊ देऊ नका आणि अडखळलं तर चारचौघांत उभं करू नका.

प्रार्थना तीन वाक्यांची असावी आणि तिसरं वाक्य मुलाचं: "देवा, मला अमुक गोष्टीची भीती वाटते. तू माझ्याबरोबर आहेस. मला उद्या अमुक करायला मदत कर." भीतीचं नाव मुलालाच सांगू द्या. सांगायचं नसेल तर "तुला माहीत आहे ते" असं म्हणू द्या. त्याने उघड केलेली भीती नंतर पाहुण्यांसमोर गमतीने सांगू नका.

तपासा: तुम्ही मुलासमोर स्वतःच्या एखाद्या लहानशा भीतीसाठी प्रार्थना केली का? मोठ्यांना भीतीच नसते असं मुलाला वाटत राहिलं, तर हा टप्पा त्याला खोटा वाटतो.

## टप्पा ७: आठवड्याचं एक पाऊल

गोष्ट ऐकून धैर्य येत नाही, ते लहान पाऊल उचलून येतं. त्या आठवड्यासाठी मुलाबरोबर एकच पाऊल ठरवा. अंधाराची भीती असेल तर असं: पहिले दोन दिवस तुमचा हात धरून अंधाऱ्या खोलीच्या दारापर्यंत, पुढचे दोन दिवस हात धरून आत आणि बाहेर, मग तुम्ही दारात उभे आणि मूल दिवा लावून परत. अडलं तर एक पायरी मागे या, रागावू नका. शाबासकी पावलाला द्या: "भीती वाटत होती तरी दारापर्यंत गेलास." न घाबरल्याची शाबासकी दिली तर मूल भीती लपवायला शिकतं.

शमुवेलाची गोष्ट घेतली असेल तर पाऊल खरं बोलण्याचं असू द्या. याजक एलीला देवाचा निरोप सांगायला शमुवेल घाबरला होता, तरी त्याने काहीच न लपवता सांगितलं. "काही मोडलं, सांडलं तर येऊन सांगायचं, मी आधी पूर्ण ऐकेन" असा शब्द द्या आणि तो पाळा. पहिल्याच वेळी ओरडलात तर हा धडा संपला.

इशारा १: "देव सांभाळेल" हे ऐकून काही मुलं उंचावरून उडी मारतात, रस्त्यावर धावतात, अनोळखी कुत्र्याला हात लावतात. मत्तय ४:५–७ इथे कामाला येतं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतान म्हणतो, आणि येशू नकार देतो. "देवाची परीक्षा पाहायची नसते, म्हणून येशूने उडी मारली नाही" हे साध्या शब्दांत सांगा.

इशारा २: सोसणं म्हणजे विश्वास, असं कधीही शिकवू नका. कोणी मारलं, नको तिथे हात लावला, "कोणाला सांगू नकोस" म्हटलं, तर "नाही" म्हणणं, तिथून निघून येणं आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगणं हेच धैर्य. असं करणारा मोठा माणूस आपल्या मंडळीतला (चर्चमधला) असला, तरीही. हे वाक्य मुलाकडून म्हणवून घ्या.

इशारा ३: भीतीमुळे आठवडेच्या आठवडे झोप, जेवण किंवा शाळा बिघडत असेल तर मुलांच्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. प्रार्थना चालू राहू द्या, पण उपचार टाळू नका.

## टप्पा ८: "मी प्रार्थना केली, तरी…"

हा प्रश्न येणारच. आजोबा बरे झाले नाहीत, मांजर परत आलं नाही, वर्गात हसू झालंच. "तुझा विश्वास कमी पडला" हे उत्तर कधीही देऊ नका.

दानीएल ३:१७–१८ उघडा. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो राजाला म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमन करणार नाही. "नाही सोडवलं तरी" हे शब्द ते भट्टीत जाण्याआधी बोलतात, शेवट माहीत नसताना. तेवढे शब्द वाचा आणि थांबा. सात-आठ वर्षांच्या मुलाला अजून एक गोष्ट सांगता येते: येशूलाही बागेत फार दुःख झालं होतं, त्यानेही प्रार्थना केली, आणि समोरचा प्याला, म्हणजे सोसायचं दुःख, टळला नाही (मार्क १४:३२–३६).

मग "असं का झालं ते मला माहीत नाही, मलाही वाईट वाटतं" असं म्हणा आणि जवळ घ्या. रडत असेल तर त्या दिवशी कोणतीही गोष्ट सांगू नका.

## टप्पा ९: सिंह-अस्वलाची वही

एक गोष्ट तीन आठवडे चालू ठेवा. दुसऱ्या आठवड्यात मुलाला सांगू द्या आणि तुम्ही ऐका. त्याने काय गाळलं यावरून त्याला काय जड जातं ते कळतं. तिसऱ्या आठवड्यात फक्त वही काढा.

साधी कोरी वही पुरे. दावीदाला सिंह आणि अस्वल आठवले, तशी मुलाने पार केलेली भीती एका पानावर एक चित्र काढून ठेवायची: अंधारी खोली, इंजेक्शन, शाळेचा पहिला दिवस. खाली तारीख आणि मुलाच्याच शब्दांतलं एक वाक्य तुम्ही लिहा. नीटनेटकं करायला जाऊ नका, चित्र तुम्ही पूर्ण करू नका. न जमलेली पावलंही तिथे येऊ द्या, फक्त पानाचा कोपरा दुमडून ठेवा आणि पुन्हा प्रयत्न झाला की उघडा.

नवी भीती समोर आली की आधी ही वही उलटा, वचन त्यानंतर. मुलाला घाई असेल तर शेवटची दोन पानं पुरतात.